झिजलेल्या शिंगांच्या शोधात

शनिवार : हरारे ते न्याकासांगा

झिम्बाब्वेतील हरारेहून चिरुंडूच्या सरहद्दीकडे जाणारा हमरस्ता चिन्होयी आणि करोई ही गावे मागे टाकून मकुटीला पोहोचतो आणि तेथून झांबेझीच्या खोऱ्यात असा उतरतो की तासाभरात हवा, माती आणि झाडोरा असे सारेच बदलून जाते. वर पठारावर तंबाखू आणि मक्याची शेते होती. खाली ऑगस्टच्या कोरड्या उन्हात तांबूस पडलेले मोपानीचे जंगल सुरू झाले आणि त्यात मधूनमधून गोरखचिंचेची अवाढव्य खोडे दिसू लागली. मारोंगोरा येथील सरकारी कार्यालयात कागदपत्रे दाखवून आणि शिकारीच्या काळात आमच्याबरोबर राहणाऱ्या वनरक्षकाला सोबत घेऊन आम्ही घाट उतरलो. आमचा मुक्काम हुरुंग्वे सफारी एरिया या शिकारीच्या क्षेत्रातील न्याकासांगा या भागात होता. याच्या पूर्वेला रुकोमेची नदी आणि ती ओलांडली की माना पूल्सचे राष्ट्रीय उद्यान. ते उद्यान सापी आणि चेवोरे या शेजारच्या क्षेत्रांसह १९८४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्राण्यांना अर्थातच या सीमा ठाऊक नसतात. माना पूल्समध्ये पर्यटकांचा कॅमेरा पाहणारा रेडा दुसऱ्या दिवशी नदी उतरून शिकारीच्या क्षेत्रात येऊ शकतो.

शिकारी मी नव्हे. मी नोकरीनिमित्त हरारेत राहतो, मूळचा राधानगरीकडचा, आणि माझ्या पिढीने गवा पाहिला तो दाजीपूरच्या अभयारण्यात, दुरून. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय आमच्या घरात केवळ आजोबांच्या काळातील गोष्टींपुरता उरला. माझा आतेभाऊ मात्र टेक्सासात स्थायिक झाला आणि तेथे त्याने रीतसर शिकारीचा नाद लावून घेतला. तो माझ्यापेक्षा बराच मोठा असल्याने मी त्याला दादा म्हणतो. केप बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकेतील रानरेड्याच्या, शिकारीसाठी येण्याचे ठरल्यावर त्याने आमच्या प्रोफेशनल हंटरना पाठवलेले पत्र मी वाचले होते. त्याला रुंद, देखण्या शिंगांचा रेडा नको होता. कळपातून बाहेर पडलेला, शिंगे झिजलेला म्हातारा रेडा मिळाला तरच गोळी झाडायची, नाही तर रिकाम्या हाताने परत जायचे, असे त्याने स्वच्छ लिहिले होते. या एका अटीमुळेच मी सुट्टी काढून बरोबर आलो. अट मान्य करणे आणि प्रत्यक्ष रानात ती पाळणे यांत किती अंतर असते, हे मला पाहायचे होते.

झिम्बाब्वेत परदेशी माणसाला परवानाधारक प्रोफेशनल हंटरशिवाय अशी शिकार करता येत नाही, आणि तो परवाना सहजी मिळत नाही. लेखी परीक्षा, कुणाच्या तरी हाताखाली काही वर्षांची उमेदवारी आणि त्यानंतर रानातील प्रात्यक्षिक परीक्षा असा तो क्रम आहे. आमचे हंटर पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. दादाच्या पत्राबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "अशी पत्रे बरेच जण लिहितात. बेचाळीस इंच रुंद शिंगे समोर आली की विसरतात."

रविवार : कवट्यांची रास

सकाळ रायफलीचा नेम तपासण्यात गेली. दादाची रायफल .३७५ एच अँड एच या काडतुसाची होती. हे काडतूस १९१२ पासून चालत आले आहे आणि बफेलोसाठी आजही अनेक देशांत किमान मर्यादा म्हणून त्याचेच नाव घेतात. तीन काठ्यांच्या तिपाईवर रायफल टेकवून त्याने कागदावर नेम धरला. हंटरना त्यातील गोळ्यांच्या भोकांपेक्षा त्याच्या हाताची स्थिरता आणि दुसरे काडतूस भरण्याची सवय पाहायची होती, असे मला वाटले.

खरा धडा दुपारी झाला. कॅम्पच्या मागे कातडी सोलण्याच्या छपराशेजारी जुन्या कवट्यांची रास होती. हंटरनी त्यांतून तीन कवट्या ओढून आमच्यापुढे मांडल्या आणि दादाला विचारले, "यांतला कुठला माराल?"

पहिल्या कवटीची शिंगे सर्वांत रुंद होती. खाली झुकून पुन्हा वर उचललेली, टोके सुईसारखी अणकुचीदार, कोणालाही भुरळ पडावी अशी. पण हंटरनी बोट ठेवले ते कपाळावर. केप बफेलोच्या नरात दोन्ही शिंगांचे बुंधे वाढत वाढत कपाळावर जवळजवळ एकमेकांना भिडतात आणि त्यांची एक जाड ढाल तयार होते. तिला सगळे शिकारी बॉस म्हणतात. या कवटीवर दोन बुंध्यांमध्ये दोन बोटे जागा मोकळी होती आणि बुंध्यांच्या कडा नखाने खरवडल्या तर भुगा पडेल इतक्या सच्छिद्र होत्या. जिवंतपणी त्या फटीत केस होते. हा रेडा पाच-सहा वर्षांचा असावा, असे ते म्हणाले. दुसऱ्या कवटीची ढाल पूर्ण कडक, खडबडीत, खोल वळ्यांची होती आणि टोके शाबूत होती. हा ऐन उमेदीतला, कळपात राज्य करणारा. तिसऱ्या कवटीकडे पाहून मला प्रथम वाटले की ती कुणी तोडून ठेवली असावी. ढाल गुळगुळीत झाली होती, दोन बुंध्यांमधली जागा उघडी, टणक आणि केसरहित होती, आणि शिंगांची टोके झिजून वरवंट्यासारखी गोल झाली होती. एका बाजूला तर वळणाच्या पुढे शिंग उरलेच नव्हते.

या तीन कवट्यांतच सारा वाद मांडलेला होता. नराची शिंगे आपली रुंदी लवकर गाठतात. ढाल मात्र सात-आठ वर्षांचा होईपर्यंत पूर्ण कडक होत नाही. म्हणजे रुंदी पुरी झाल्यावरही तो प्राणी पुरा झालेला नसतो. बफेलोच्या कळपात नरांची उतरंड असते आणि माजावर आलेल्या म्हशीपाशी वरचा नर खालच्याला फिरकू देत नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या रेड्याला वीण वाढवण्याची संधी फारशी मिळालेली नसते. नेमका तोच, रुंद शिंगांमुळे, गोळीला पहिल्यांदा बळी पडतो.

यात मोजपट्टीचा हात मोठा आहे. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये शिंगांच्या मापांची नोंदवही प्रसिद्ध करायला सुरुवात केली. केप बफेलोसाठी तिच्यात जागा मिळवायची तर बाहेरच्या बाजूने मोजलेली रुंदी किमान ४२ इंच लागते. बेचाळीस हा आकडा शिकाऱ्यांच्या जगात प्रतिष्ठेचा होऊन बसला आहे. अमेरिकेतील सफारी क्लबची मोजण्याची पद्धत निराळी आहे; तिथे वळणावरून शिंगांची लांबी धरतात. तिच्यात टोके झिजलेला म्हातारा हमखास मागे पडतो. रुंदीच्या पद्धतीत तो लगेच मागे पडत नाही, कारण सर्वांत रुंद भाग टोकाशी नसून शिंगाच्या बाकावर, म्हणजे वळणावर असतो. पण त्यामुळेच रुंदीवरून वयाचा पत्ता मुळीच लागत नाही. दोन्ही पट्ट्या शिंग मोजतात. प्राणी किती जगला आहे, याच्याशी दोहोंनाही कर्तव्य नाही.

दादाने अर्थातच तिसऱ्या कवटीवर हात ठेवला. हंटर हसून म्हणाले, "छपराखाली सगळेच हीच उचलतात."

सोमवार : रुंद शिंगांचा मोह

पहाटे थंडी चांगलीच होती. उघड्या गाडीतून मातीच्या रस्त्यांवर आडवे गेलेले माग शोधत जायचे आणि ताजा माग मिळाला की गाडी सोडून चालायचे, अशी येथील रीत आहे. आमचे मुख्य माग काढणारे साठीच्या पुढचे होते. कॅम्पमधील सर्व जण त्यांना सेकुरू, म्हणजे आजोबा म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांच्या हातात राख भरलेली कापडी पुरचुंडी असे. दर काही पावलांनी ते ती झटकत आणि राख कुठे वाहते यावर आमची वाट ठरत असे. बफेलोची नजर आणि कान चांगले असतातच, पण वास लागला की खेळ तेथेच संपतो.

सूर्य वर आल्यावर आम्हाला मोठा कळप गाठता आला. मोपानीच्या विरळ रानात शंभराहून अधिक जनावरे चरत पुढे सरकत होती आणि त्यांच्या पाठींवर ऑक्सपेकर पक्षी गोचिड्या वेचत होते. या पक्ष्यांनी माणूस पाहिला की ते फिस्कारल्यासारखा आवाज करून उडतात आणि सारा कळप माना वर करतो, म्हणून कळपाइतकेच लक्ष त्यांच्याकडे ठेवावे लागते. आम्ही पोटावर सरपटत एका वारुळामागे पोहोचलो. या खोऱ्यात वारुळांवर चिंचेची झाडे फार. चिंच मूळची आफ्रिकेतलीच, पण वाळलेली चिंचेची टरफले कोपराखाली रुतत असताना समोर रानरेडे पाहणे मला काही केल्या परके वाटेना.

कळपाच्या मागच्या टोकाला तो उभा होता. वळला तेव्हा दोन्ही बाजूंना कानांच्या कितीतरी बाहेर गेलेली शिंगे उन्हात चमकली. दादाचा श्वास मला ऐकू आला. हंटर दुर्बीण न काढता कुजबुजले, "त्रेचाळीस. कदाचित चव्वेचाळीस." पुढे ते काहीच बोलले नाहीत, आणि ते मुद्दामच बोलले नाहीत, अशी माझी खात्री आहे. दादाने बराच वेळ दुर्बिणीतून पाहिले. रेड्याने मान खाली घातली तेव्हा कपाळ नीट दिसले. ढालीच्या मध्यावर काळ्या केसांचा पट्टा होता आणि बुंध्यांच्या कडा फिकट, ओलसर दिसत होत्या.

"पोरगा आहे," दादा म्हणाला आणि रायफलीवरचा हात काढला.

आम्ही तिथेच पडून कळप निघून जाईपर्यंत थांबलो. परतीच्या वाटेवर हंटरचा सूर बदललेला होता. ते आपणहून बोलू लागले. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात राम माउंटन येथील रानमेंढ्यांवर झालेले संशोधन त्यांना चांगले ठाऊक होते. मोठ्या शिंगांचे नर वर्षानुवर्षे वेचून मारल्यामुळे तेथील मेंढ्यांची शिंगे पिढ्यांगणिक लहान होत गेली, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दाखवले होते. तेथे नियमच शिंगांच्या आकारावर बेतलेला होता, त्यामुळे भराभर वाढणारा नर वीण वाढवण्याआधीच कायदेशीर शिकार ठरत असे. बफेलोंबाबत असेच घडले आहे असा दावा त्यांनी केला नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, ज्या नराची शिंगे उत्तम आहेत त्याला निदान आठ-दहा वर्षे कळपात काढू द्यावीत, मग त्याचे रक्त त्या रानात उरते.

मंगळवार : सिंहांचा वाटा

नदीकाठच्या पट्ट्यात दोन म्हाताऱ्या रेड्यांचा माग मिळाला. खुरांचे ठसे रुंद आणि बोथट होते. सेकुरूंनी शेणाच्या पोवट्यात बोट घालून ऊब पाहिली आणि मान हलवली. पण दोनेक किलोमीटरवर त्याच मागावर सिंहांची पावले उमटलेली दिसली, आणि आमच्या आधीच तो माग कुणी तरी घेतलेला आहे हे कळल्यावर हंटरनी आम्हाला माघारी वळवले.

मला हा प्रसंग सोयीचा वाटला, कारण एक प्रश्न मनात घोळत होता. शिकारी मंडळी म्हातारा रेडा "कळपाच्या उपयोगाचा नाही" असे सर्रास म्हणतात आणि त्यावरून त्याला मारणे जणू पुण्यकर्मच असल्याचा सूर लावतात. कळपाला त्याचा उपयोग संपला असेल. रानाला संपलेला नसतो. कळपाचे संरक्षण सोडून एकट्यादुकट्याने राहणारा म्हातारा नर हाच सिंहांच्या वाट्याला अधिक येतो. मी हे बोलून दाखवल्यावर दादा किंचित चिडला, पण सरकारी वनरक्षकाने माझी बाजू घेतली. आपण घेतो तो सिंहांच्या वाट्यातलाच, असे तो म्हणाला. म्हाताऱ्याची निवड ही कमी नुकसान करणारी निवड आहे, इतकेच तिच्या बाजूने म्हणता येईल, आणि मला वाटते तेवढे पुरेसे आहे. त्यावर नीतीचा मुलामा चढवला की ती खोटी वाटू लागते.

बुधवार : जेसमध्ये

झांबेझीच्या खोऱ्यात जेस नावाचे जे झुडपांचे दाट रान आहे, त्यात शिरल्याशिवाय म्हाताऱ्या रेड्यांचे जगणे कळत नाही. फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की दहा पावलांवरचे दिसत नाही आणि उभ्याने चालता येत नाही. कळप सोडलेले नर दोघे-तिघे मिळून अशा ठिकाणी राहतात, कारण पाणी जवळ असते, सावली असते आणि दूर चरायला जाण्याची ताकद कमी झालेली असते. नदीलगत वाळ्याच्या कुळातील माणसाहून उंच गवतही वाढते. त्यातून जाताना हंटर रायफल खांद्यावरून हातात घेत. चिखलात लोळून अंगावर वाळलेल्या मातीचे पापुद्रे घेऊन फिरणाऱ्या या म्हाताऱ्यांना सगळे डागा बॉय म्हणतात.

सकाळपासून तिघांच्या मागावर होतो. मोपानीच्या बारीक, न चावणाऱ्या माशा घामाच्या ओलीसाठी डोळ्यांत शिरत होत्या आणि त्यांना हाकलण्यासाठी हात हलवायची सोय नव्हती. माग आधी सरळ चालला होता. मग तो वेडावाकडा होऊ लागला, म्हणजे ती जनावरे बसायला जागा शोधत होती. सेकुरू थांबले, खाली वाकले आणि हाताने खूण केली. फांद्यांच्या जाळीतून मला प्रथम काहीच दिसले नाही. मग एक काळा डाग हलला आणि तो कान असल्याचे लक्षात आले. तीन रेडे बसलेले होते. दोघांची शिंगे चांगली टोकदार होती. तिसरा पाठ करून बसला होता आणि त्याचे डोके झाडामागे होते.

ते पाहण्यासाठी आम्ही किती वेळ बसून राहिलो ते सांगता येणार नाही, कारण घड्याळाकडे बघणेही नको वाटत होते. गोळी झाडायला दोघे उपलब्ध होते; तिसऱ्याचे वय कळल्याशिवाय झाडायची नाही, असे ठरलेले होते. मग दुपारच्या झुळकेने दिशा बदलली. मानेच्या मागे थंडावा जाणवला, सेकुरूंनी डोळे मिटून घेतले, आणि पुढच्याच क्षणी तिघेही उठून फांद्या मोडत निघून गेले. तिसऱ्याच्या पार्श्वभागावर जुन्या पंजांचे पांढरे वण होते, एवढेच दिसले.

गोरखचिंचेखाली शिदोरी सोडली तेव्हा दुसऱ्या, तरुण माग काढणाऱ्याने बफेलोच्या वाळवलेल्या मांसाला हात लावला नाही. त्याचे मुतुपो न्याती, म्हणजे बफेलो आहे, असे त्याने सांगितले. शोना लोकांत प्रत्येक कुळाचे असे एक मुतुपो असते. त्या प्राण्याचे मांस त्या कुळातले लोक खात नाहीत आणि एकाच मुतुपोच्या मुलामुलींची सोयरीक जुळवत नाहीत. आमच्याकडे देवक असते, ते झाड आम्ही तोडत नाही आणि समान देवकाच्या घरात लग्न जुळवत नाही, असे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने आमचे देवक विचारून घेतले. कळंब म्हणजे कसले झाड, ते मला त्याला मातीत पान काढून दाखवावे लागले. आपल्या देवकाच्या प्राण्याचा माग काढायला हरकत नसते का, असे दादाने विचारले. खायचे नसते, ओळखायला हरकत नाही, असे तो म्हणाला, आणि खरोखर त्या मंडळींत रेड्याचे वय दुरून सर्वांत अचूक तोच सांगत असे.

गुरुवार : न्याकासांगाच्या पात्रात

न्याकासांगा नदीचे पात्र या दिवसांत कोरडे असते, वाळूत कुठे कुठे डबकी उरलेली असतात. काठावरच्या ॲना वृक्षांना ऐन कोरड्या ऋतूत हिरवी पाने असतात आणि त्यांच्या वळलेल्या शेंगा खाली पडू लागल्या की हत्तींपासून बफेलोंपर्यंत सगळे तेथे येतात. पहाटे एका डबक्याच्या काठावरील चिखलात एकट्याच रेड्याचा माग मिळाला. त्याच्या मागच्या एका पायाचा खूर थोडा फरफटत होता.

तासाभराने तो दिसला. साधारण सत्तर पावलांवर, काठाच्या उताराला, आमच्याकडे तिरका उभा होता. दादाने तिपाईवर रायफल ठेवली, पण हंटरनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तरुण माग काढणाऱ्याकडे पाहिले. कालच्या दिवसाने आम्हा सर्वांनाच थांबायची सवय लावली होती. रेड्याने डोके वळवले. उजवे शिंग बाकाच्या पुढे संपलेले होते. डावे थोडे लांब, पण टोक गोल. ढाल गुळगुळीत, मध्ये उघडी आणि करडी. डोळ्यांभोवती आणि नाकावर केस गळून पांढुरके चट्टे पडले होते, कानांच्या कडा फाटून झालर झाली होती, कंबरेची हाडे कातडीखाली वर आली होती आणि गळ्याखालची कातडी जड होऊन लोंबत होती. माग काढणाऱ्याने केवळ "सेकुरू" एवढेच म्हटले. आमच्या सेकुरूंनी त्याच्याकडे रागाने पाहिले आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

हंटरनी हात काढून घेतला. दादाने पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला, कारण बफेलोचे हृदय वाटते त्यापेक्षा बरेच खाली असते. गोळीच्या धक्क्याने रेडा पाठ वाकवून उडाला आणि जेसच्या दिशेने धावला. तो धावत असतानाच दादाने दुसरीही झाडली. त्यानंतर कुणीही हलले नाही. जखमी बफेलो आपल्याच मागावर वळसा घेऊन दबा धरून बसतो, हे शिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, आणि त्या क्षणी प्रत्येक झुडूप मला संशयास्पद वाटत होते. काही वेळाने आतून एक दीर्घ, खोल हंबरडा आला. हंटर म्हणाले, "झाले." तरीही आम्ही पाठीमागच्या बाजूने, वळसा घेत, रायफली रोखून गेलो आणि पडलेल्या रेड्याच्या मणक्यात आणखी एक गोळी झाडण्यात आली.

जवळ गेल्यावर वास आला, चिखलाचा आणि जनावराचा. मांडीवरचे पंजांचे पांढरे वण पाहून मला कालचा तिसरा आठवला; तोच होता की दुसरा, याबद्दल सेकुरू आणि तरुण माग काढणारा यांच्यात परतीपर्यंत वाद चालू होता. खूर पाहून सेकुरूंनी "तो नव्हे" असा निकाल दिला. मला त्या मेलेल्या जनावराकडे पाहून आनंद झाला नाही, आणि दादालाही झालेला दिसला नाही. तो बराच वेळ त्या तुटक्या शिंगावरून तळवा फिरवत राहिला.

शुक्रवार : दाढ

सकाळी छपराखाली खालचा जबडा स्वच्छ करून ठेवलेला होता. बफेलोची पहिली दाढ वर्षाच्या आसपास येते, म्हणून ती सर्वांत आधी झिजते आणि वय सांगायला सर्वांत उपयोगी पडते. या जबड्यात ती जवळजवळ हिरडीच्या पातळीला आली होती. चर्वणाच्या पृष्ठभागावरील नेहमीच्या वळ्या नाहीशा होऊन तिथे खोलगट, गुळगुळीत बशी उरली होती. तिच्या शेजारच्या दाढाही झिजलेल्या होत्या. दाढेच्या मुळाशी सिमेंटम नावाच्या कठीण द्रव्याचे थर वर्षागणिक साठत जातात आणि दाढ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजता येतात, म्हणून ती दाढ काढून चिठ्ठी लावून ठेवली गेली. अंदाजाने हंटर तेरा वर्षे म्हणाले. रानातला रेडा याहून फार पुढे क्वचितच जातो. आणखी एक-दोन कोरड्या ऋतूंनंतर अशा दातांनी त्याला गवत नीट चावता आले नसते आणि पोट भरलेले असूनही तो उपाशी मेला असता.

नोंदीसाठी शिंगेही मोजावी लागतात. रुंदी ३४ इंच भरली. हंटरनी तो आकडा अर्जात भरला आणि आपल्या खासगी वहीत शेजारी ढालीची स्थिती, दाढेची झीज आणि अंदाजे वय लिहिले. ही वही ते वर्षानुवर्षे ठेवत आले आहेत. कुठल्या भागात कुठल्या वयाचे नर मिळाले, हे तिच्यातून दिसते. त्यांच्या मते एखाद्या क्षेत्रात दर वर्षी मिळणाऱ्या रेड्यांचे सरासरी वय घसरू लागले तर तो, त्या क्षेत्राला ठरवून दिलेला शिकारीचा कोटा जास्त असल्याचा पहिला इशारा असतो. शिंगांच्या इंचांवरून तो इशारा मिळत नाही, कारण कोवळे नर रुंदच असतात.

मांसाचा बराचसा भाग ट्रकमधून बाहेर गेला. घाट चढण्यापूर्वी त्सेत्से माशीच्या नाक्यावर आमची गाडी तपासण्यात आली. गुरांना रोग लावणारी ही खोऱ्यातील माशी वरच्या गुरांच्या प्रदेशात जाऊ नये यासाठी ही खबरदारी असते. काळ्या-निळ्या कापडाचे आणि बैलाच्या वासाची रसायने लावलेले सापळे याच खोऱ्यातील रुकोमेचीच्या संशोधन केंद्रात आकाराला आले. त्याआधी त्सेत्से हटवण्याच्या नावाखाली या देशात कित्येक दशके लाखो वन्यप्राणी मारले गेले, आणि त्यांत वय, लिंग, शिंग काहीच पाहिले जात नसे. त्याही आधी १८९६ मध्ये आलेल्या रिंडरपेस्ट या गुरांच्या रोगाच्या साथीने आफ्रिकेच्या दक्षिणेकडील या भागातील बफेलो जवळजवळ संपवले होते. आजचे कळप त्यातून वाचलेल्या थोड्यांचे वंशज आहेत.

करोईच्या अलीकडे चहासाठी थांबलो तेव्हा मी हंटरना विचारले की वयाची अट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर का सोडायची, ती नियमातच का असू नये. सिंहांबाबत हे घडलेले आहे. टांझानियात आणि मोझांबिकमधील नियासा येथे सहा वर्षांखालील सिंह मारण्यास मनाई आहे, आणि नियासात तर मारलेल्या सिंहाचे वय तपासून पुढच्या वर्षीचा कोटा त्यावर ठरवतात. सिंहाचे वय जिवंतपणी ओळखणे बफेलोपेक्षा अवघड असूनही ते जमले. त्यावर त्यांची अडचण साधी होती. सिंह थोडे, बफेलो पुष्कळ. प्रत्येक जबडा तपासायला माणसे कुठून आणायची? जबडा कुजत नाही, तो हंगामाच्या शेवटी गोळा करून एकाच ठिकाणी पाहता येईल, असे मी म्हणालो, आणि कमी वयाच्या रेड्याबद्दल पुढच्या वर्षीच्या कोट्यातून दोन कमी केले तर पहिल्याच हंगामात सगळ्यांना ढाल पाहण्याची सवय लागेल, अशी भर दादाने घातली.

हंटरनी चहाचा कप ठेवला. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते म्हणाले, "पण सोमवारी माझ्याकडे जे गिऱ्हाईक येते आहे, त्याने पत्रात एकच ओळ लिहिली आहे. किमान बेचाळीस."

"मग काय करणार?"

"चालवणार," ते म्हणाले. "रोज वीस किलोमीटर. चौथ्या दिवसापर्यंत बहुतेकांना म्हातारा चालतो."

दादाने कवटी घरी नेण्याचे ठरवले आहे, भुसा भरलेले डोके नव्हे. कागदपत्रे होऊन ती टेक्सासला पोहोचायला बरेच महिने लागतील. जबडा मात्र हंटरनी ठेवून घेतला. येत्या सोमवारी तो त्यांना लागणार आहे.